वारंगुळ्याचे कर्णे

जुनी वस्तू दुरुस्त करायला घेतली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कशाला नादी लागता, नवी आणा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, वाडवडलांची आठवण आहे, आहे तशी राहू द्या. दुरुस्त करणारा या दोघांच्या मध्ये पाना-पकड घेऊन बसलेला असतो. त्याला जो प्रश्न पडतो तो दोघांनाही पडत नाही. दुरुस्त करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? किती बदललं म्हणजे वस्तू सुधारली, आणि किती बदललं म्हणजे ती गेलीच म्हणायची? आणि मुख्य म्हणजे, हे ठरवायचं कुणी?

मी शेतकरी माणूस, दहावीपर्यंत शिकलेला. तत्त्वज्ञान वगैरे माझ्या वाटेला फारसं आलं नाही. पण दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात मी घरच्या पडवीत बसून कर्ण्याची एक जोडी दुरुस्त केली आणि त्या निमित्तानं हा प्रश्न असा काही मानगुटीवर बसला, की अजून उतरलेला नाही. तो सोडवायला मला जे जे उपयोगी पडलं ते इथं लिहितो.

आजच्या पोरांना कर्णा म्हणजे काय हे सांगावं लागेल. पत्र्याचं मोठं धोत्र्याचं फूल असावं तसा लाउडस्पीकर. कुणी त्याला भोंगा म्हणतं. दिसायला हातभर, पण आवाजाचा रस्ता त्याच्या आत दुमडलेला असतो. मागच्या युनिटातून निघालेला आवाज नळीतून पुढं येतो, तिथून उलटा फिरून मागं जातो आणि मग पुन्हा पुढं येऊन बाहेर पडतो. त्यामुळं एवढ्याशा मशीनवर आवाज कोसभर जायचा. युनिटात एक चुंबक, चुंबकाच्या गोल फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, आणि त्या गुंडाळीला चिकटलेला पातळ पडदा. मशीनमधून वीज आली की तार हलते, तारेबरोबर पडदा हलतो आणि पडदा हवा हलवतो. एवढंच. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम नावाच्या दोघांनी १९१५ साली असा हलत्या तारेचा कर्णा लोकांपुढं वाजवून दाखवला, त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली, तरी आतली रचना बदललेली नाही. ते दोघेही भागीदारच होते, हे वाचून मला बरं वाटलं. कारण आमची जोडीही भागीत घेतलेली होती.

१९७४ साल. बहात्तरच्या दुष्काळातून लोक नुकते सावरत होते. आमचं गाव मीना नदीच्या काठी, जुन्नर तालुक्यात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांची आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका महादेव कोळी शेतकऱ्याशी बाजारातली ओळख होती. पुढं ती घरोब्याची झाली. आम्ही त्यांना काका म्हणायचो. घोड नदीच्या खोऱ्यात त्यांचं गाव, भाताची खाचरं, आणि डोंगरात हिरड्याची झाडं. दोघांना गाण्याचं वेड. लग्नसराईत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा करावा असं दोघांच्या मनानं घेतलं. दादांनी एक दुभती शेळी आणि थोडे कांदे विकून एक कर्णा घेतला. काकांनी वाळवलेल्या बाळहिरड्याच्या पैशातून दुसरा. मशीन, बॅटरी आणि रेकॉर्ड लावायचं यंत्र दोघांत मिळून.

शेतकऱ्याच्या भाषेत याला वारंगुळा म्हणतात. हा शब्द आता ट्रॅक्टरखाली गेला. ज्याच्याकडं एकच बैल आहे असे दोन शेतकरी एकत्र यायचे. दोघांचे दोन बैल एका जुवाला. आज याचं रान नांगरायचं, उद्या त्याचं. काम जोडीनं, पण संध्याकाळी जू उतरलं की बैल आपापल्या गोठ्यात. वैरण ज्याची त्यानं घालायची. बैल विकायचा झाला तर ज्याचा त्यानं विकायचा. वारंगुळ्याची जोडी ही कामाची जोडी असते, मालकीची नसते. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दादा सायकलवर मशीन आणि बॅटरी बांधायचे, काका खांद्यावर कर्णे घ्यायचे. मीही सुट्टीत सोबत जायचो. मांडवाशेजारच्या झाडावर किंवा उंच बांबूवर कर्णे चढवायचे. एकाचं तोंड गावाकडं, दुसऱ्याचं वाड्यावस्त्यांकडं. पहाटे बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची रेकॉर्ड लागली की आसपासच्या वाड्यांना कळायचं, आज लग्न आहे. त्यानंतर दिवसभर गाण्यांपेक्षा सांगावेच जास्त. अमक्याचा पोरगा हरवलाय, तो मांडवापाशी आहे. तमक्या पाहुण्यांनी जेवून घ्यावं. विहिरीवरच्या बायांनी अक्षदेला यावं. नारायणगावला चैत्राच्या आधी तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथल्या फडांची मशीनं मोठी. आमचा कारभार त्यापुढं पोराटोरांचा. पण सप्ताह, बारसं, लग्न, बैलगाड्याचा घाट यांना आमचीच जोडी असायची.

पुढं डिंभे धरण आलं. काकांचं गाव पाण्यात गेलं. त्या खोऱ्यातले लोक पांगले. कुणी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात सरकले, कुणी खाली लाभक्षेत्रात गेले. काका सामान घेऊन निघाले तेव्हा कर्णा आमच्याकडंच होता. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तिकडं घराचाच पत्त्या न्हाय, ह्याला कुठं टांगू?" दादा म्हणाले, "जवा मागशील तवा देतो." दोघंही आता नाहीत. तोवर कॅसेटचे डबे आले, मग डीजे आला. कर्णे माळ्यावर गेले.

ते खाली काढले तेव्हा एकात गांधीलमाशीचं पोळं होतं आणि दुसऱ्यात चिमणीचं जुनं घरटं. पत्रा तसा शाबूत. आट्यांवर गंज बसला होता, तिथं रॉकेल सोडून दोन दिवस ठेवलं. कर्णे ओळखायला सोपे, दादांच्या कर्ण्याच्या काठाला पोचा आहे आणि काकांनी आपल्या कर्ण्याच्या बुडाला खिळ्यानं त्रिशूळ कोरलेला आहे, भीमाशंकराचा. मीटर लावला. काकांच्या युनिटानं बारा-तेरा ओहम दाखवले, म्हणजे तार जिवंत. दादांच्या युनिटावर काटा हललाच नाही. तार जळालेली. मागचं टोपण उघडलं. आतला पडदा खाकी रंगाचा, राळेत भिजवून कडक केलेल्या कापडाचा. दादांच्या युनिटात तो काळा पडून गुंडाळीपासून सुटला होता. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा बारीक कीस साचलेला. तो फुंकून निघत नाही, चुंबकच त्याला धरून ठेवतो. पोस्टकार्डाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी लावून फटीत गोल फिरवायची, मग तो चिकटून बाहेर येतो. हे काम तासन्‌तास चाललं. चुंबक मात्र मी त्याच्या लोखंडी घरातून सोडवला नाही. जुन्या जातीच्या काही चुंबकांना त्यांच्या जागेवरून काढलं की त्यांची ताकद कमी होते, हे मला एका जुन्या रेडिओ मेकॅनिकनं शिकवलं होतं.

मग मी पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची पंढरीच. तिथं एका वयस्कर दुकानदारानं जळका पडदा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "असा आता मिळायचा नाही. माप तेच, पण नवा पडदा पातळ प्लॅस्टिकचा. आवाज जरा चिरका येईल, पण साफ येईल." मग म्हणाला, "दोन घेऊन जा. एकात नवा, एकात जुना ठेवलात तर जोडी जमणार नाही. जोडी म्हणजे दोन्ही सारखे पाहिजेत."

इथं घोडं अडलं. दादांच्या युनिटात नवा पडदा घालायला माझी हरकत नव्हती. तो जळालाच होता. पण काकांच्या युनिटातला पडदा पन्नास वर्षांनंतरही चालू होता. जोडी सारखी दिसावी, सारखी वाजावी म्हणून तो चालता पडदा काढून टाकायचा? मी दोन पडदे विकत घेतले, पण दुसरा पाकिटातच ठेवला.

घरी आल्यावर ज्याचं त्याचं मत सुरू झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, जेवढा तुमचा पुण्याला जायचा-यायचा खर्च झाला, त्यात थोडी भर घातली तर नवं युनिट आलं असतं." त्याचं चूक नाही. तो द्राक्षाच्या बागेचा जमाखर्च बघतो, आणि शेतात जुन्या वस्तूवर जीव लावत बसणाऱ्याचं काय होतं हे त्यानं पाहिलेलं आहे. त्याच्या दृष्टीनं वस्तू म्हणजे तिचं काम. काम नव्यानं होत असेल तर जुन्याला सांभाळणं म्हणजे भाकड जनावराला पेंड घालणं.

नात्यातल्या एकानं हमरस्त्यालगत हॉटेल काढलं आहे. तो म्हणाला, "मला द्या दोन्ही. पितळी रंग मारतो, आत बल्ब बसवतो आणि दारात टांगतो. शहरातली माणसं फोटो काढतील." त्याच्या दृष्टीनं वस्तू म्हणजे तिचं रूप. आता हे ऐकून हसू येतं, पण विचार केला तर घरोघरी तेच चाललं आहे. जातं बागेत मांडलेलं असतं, बैलगाडीचं चाक भिंतीवर असतं, मोटेची धाव दिवाणखान्यात असते. ती वस्तू तिथं मिरवते, पण तिचं जगणं संपलेलं असतं. तरी तो जे म्हणत होता त्यात एक गोष्ट खरी होती. टांगली तर ती निदान भंगारात तरी जाणार नाही.

आणि माझं स्वतःचं मत? मला वाटत होतं, आवाज हीच त्या कर्ण्याची ओळख. रूपही नव्हे आणि कामही नव्हे. दादांचा घोगरा आवाज त्या खाकी पडद्यातून यायचा. पडदा गेला म्हणजे आवाज गेला. उरलं ते पत्र्याचं फूल.

असं तिघांचं तीन तऱ्हेचं. तेव्हा मला नागसेनाची गोष्ट आठवली. आमच्या वाचनालयात मिलिंद राजाच्या प्रश्नांचं एक पुस्तक होतं. मिलिंद म्हणजे मिनँडर, सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा. नागसेन भिक्षू त्याला विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात. रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू? नाही. मग हे सगळं सोडून वेगळा कुठं रथ आहे का? तोही नाही. राजाला कबूल करावं लागतं, की हे सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव पडतं. आमच्या जुन्नरला हा वाद परका नाही. शिवनेरीच्या आणि आसपासच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. एकानं पाण्याची दोन टाकी दान दिल्याचं त्यात कोरलेलं आहे. दोन हजार वर्षांत त्या कातळातल्या टाक्यांनी कितीक पावसाळ्यांचं पाणी भरलं आणि सांडलं, पण दान दिलेली टाकी ती तीच.

नागसेनाचं म्हणणं मला पटलं, पण माझी अडचण सुटली नाही. रथ हे नाव आहे, ठीक. पण चाक बदलायचं का नाही, हे त्यानं सांगितलं नाही. आणि ते चाक दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर काय, हे तर राजानं विचारलंच नाही.

आमच्याच भागात या प्रश्नाची आणखी तीन उत्तरं मला दिसली. ती पुस्तकातली नाहीत, कुणीही येऊन पाहावी अशी आहेत.

पहिलं आंबेगावचं. तालुक्याचं नाव आंबेगाव. पण ज्या गावावरून ते पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला. दाखल्यावर, सातबाऱ्यावर, मोटारीच्या पाटीवर आंबेगाव आहे, आणि आंबेगाव कुठं आहे म्हणाल तर पाण्यात. इथं सगळं गेलं आणि नाव तेवढं राहिलं.

दुसरं माळीणचं. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गाडली गेली. पुढं दुसऱ्या जागी नवी घरं बांधून २०१७ साली ती माणसांच्या ताब्यात दिली. नाव तेच आहे. उरलेली माणसं तीच आहेत. जागा, घरं, शेजार वेगळा. ते पुन्हा उभं राहिलेलं माळीण की दुसरंच गाव? मला वाटतं, हे आपण बाहेरून ठरवायचं नाही. तिथं राहणारा सांगेल ते खरं. त्यानं एका दिवशी एक सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं, तरी ते दोन्ही खरं.

तिसरं खोडदचं. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. काही जवळजवळ, बाकीच्या तीन बाजूंना दूरवर शेतांमधून पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. आकाशातून येणाऱ्या, मोजता मोजता दमून जावं इतक्या क्षीण रेडिओलहरी ती टिपते. काही वर्षांपूर्वी तिचं नूतनीकरण झालं, तेव्हा त्या प्रचंड तबकड्या तशाच ठेवल्या आणि लहरी पकडणारी, पुढं नेणारी, मोजणारी यंत्रं बदलली. त्यांना कुणी विचारलं नाही, की ही तीच दुर्बीण का. ती पहिल्यापेक्षा बारीक ऐकते की नाही, एवढंच विचारलं. जिथं कामच सर्वस्व आहे तिथं माझ्या मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ज्यानं तबकड्यांवर जीव लावून जुनी यंत्रं तशीच ठेवली असती, त्यानं दुर्बिणीशी बेइमानी केली असती.

तेव्हा एक गोष्ट मला उमगली. "किती बदलावं" याचं एकच उत्तर सगळ्या वस्तूंना लागू नाही. ती वस्तू कुणाची आणि कशासाठी आहे, हे आधी विचारावं लागतं. आणि माझ्या पुढ्यात एक जोडी होती खरी, पण तिचे मालक दोन होते. मी पडवीत बसून तिघांची मतं ऐकत होतो, नागसेनाला विचारत होतो. ज्याला विचारायचं तो चौथा माणूस अजून या गोष्टीत आलाच नव्हता.

काकांचा मुलगा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. धरणाच्या वरच्या अंगाला राहतो. मी काकांचं युनिट आणि नव्या पडद्याचं पाकीट पिशवीत घालून त्याच्याकडं गेलो. पाऊस नुकता उघडला होता, खाचरांत भात पोटरीला आला होता. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. तुझ्या वडिलांचा पडदा अजून चालतो, तो बदलायला माझा हात धजत नाही, असंही सांगितलं. मला वाटलं होतं, त्याचा गळा दाटून येईल.

तो म्हणाला, "दादा, बदला की. त्यात काय इचारायचं?"

मी म्हणालो, "अरे, तो आवाज काकांचा आहे."

तो जरा वेळ पाण्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमचं गाव तिथं खाली हाय. उन्हाळ्यात पानी हटलं म्हंजी जोती दिसत्यात. आमचं घर, देऊळ, समदं गेलं. ते पयल्यासारखं करून द्यावं आसं कुनाच्या ध्यानात आलं न्हाय. अन तुमी एवढ्याशा पडद्यापायी इतक्या लांब आलाव." तो हे रागानं म्हणाला नाही. पण मला ते लागलं आणि लागायलाच पाहिजे होतं.

एसटीत बसल्यावर मी त्यावर विचार केला. ज्याचं गाव जागेवर आहे, घर जागेवर आहे, त्याला एक पडदा जपावासा वाटतो. जुनं जपायची हौस ही बऱ्याच अंशी ज्याचं फारसं गेलेलं नाही त्याची हौस आहे. ज्याचं सगळंच गेलं, त्याला उरलेल्या वस्तूचा उपयोग हवा असतो. आठवण त्याच्याकडं भरपूर असते, त्यासाठी त्याला कर्णा लागत नाही. म्हणून जपणारा माणूस चांगला आणि बदलणारा निष्ठुर, असा जो सोपा निवाडा आपण करतो, तो खरा नाही. उलट त्या दिवसापासून मुलाच्या जमाखर्चाकडंही मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

पण निघताना आणखी एक बोलणं झालं होतं. मी त्याला विचारलं, "मग कर्णा तुझ्याकडं आणून देऊ का? तो तुमचाच आहे." तो गप्प झाला. म्हणाला, "जोडी फुटंल की वो." मी म्हणालो, "जोडी कसली? वारंगुळा होता. जू उतरून किती वर्षं झाली. बैल आपल्या गोठ्यात गेला पाहिजे." वारंगुळा म्हटल्यावर तो हसला. त्याचे वडीलही हाच शब्द वापरायचे म्हणे. म्हणाला, "सप्त्याला आमाला कर्णा भाड्यानं आनावा लागतुय. आला तर बरंच व्हईल."

घरी येऊन मी उरलेलं काम पुरं केलं. दादांच्या युनिटात नवा पडदा बसवला. गुंडाळी फटीच्या बरोबर मध्ये बसावी लागते. केसभर जरी सरकली तरी घासते आणि आवाज खरखरतो. मग दोन्ही कर्णे अंगणात शेजारी शेजारी ठेवून एकच भजन हळू आवाजात लावलं. एकात पन्नास वर्षांचा कापडी पडदा, एकात नवा प्लॅस्टिकचा. दुकानदार म्हणाला होता तसा दोघांच्या आवाजात फरक होताच. एक घोगरा, एक चिरका. पण मिळून ऐकायला वाईट लागत नव्हतं. मग मी मुद्दाम एका कर्ण्याच्या दोन तारा उलट जोडून पाहिल्या. आवाज एकदम पोकळ झाला, तो नेमका कुठून येतो ते कळेना. कारण साधं आहे. तारा उलट जोडल्या की एक पडदा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि एकानं हलवलेली हवा दुसरा खाऊन टाकतो. तारा सरळ केल्या की आवाज पुन्हा भरला. म्हणजे दोन पडदे निराळ्या जातीचे असले तरी चालतं, ते एका वेळी एका दिशेला हलले पाहिजेत. दोन्ही अगदी सारखे असले आणि एकमेकांच्या उलट हलले तर त्या सारखेपणाचा काही उपयोग नाही. बैलांचंही तसंच असतं. एक खिलार आणि एक डांगी जुंपलेले मी पाहिले आहेत. पाऊल बरोबर पडलं की नांगर चालतो.

आणि खरं सांगायचं तर झाडावर त्या कर्ण्यांची तोंडं कायम विरुद्ध दिशांना असायची. एक गावाला सांगायचा, एक वाड्यांना. दोघांचा आवाज एकाच जागी बसून कुणी कधी ऐकलाच नव्हता. जोडी सारखी वाजली पाहिजे ही गरज आमच्या कर्ण्यांना कधी नव्हतीच. ती दिवाणखान्यात दोन पेट्या मांडून खुर्चीत बसून ऐकणाऱ्याची गरज. ती त्याच्या जागी बरोबर आहे. पण त्या मापानं मी काकांचा पडदा काढून टाकला असता, तर माझ्या कर्ण्याला दुसऱ्याचंच माप लावलं असं झालं असतं.

कार्तिकात मी काकांचा कर्णा त्याच्या घरी पोचवला. आत जुना पडदा होता तसाच, आणि नव्या पडद्याचं पाकीट मी सोबत दिलं. कसा बसवायचा ते दाखवून दिलं. बदलायचा का नाही आणि कधी, ते आता त्याच्या हातात. त्यानं बदलला का, हे मी विचारत नाही. सप्ताह झाल्यावर त्याचा फोन आला होता. पलीकडच्या वस्तीपर्यंत हरिपाठ ऐकू गेला म्हणाला.

वाजवण्याचंही एक माप असतं, तेही जाता जाता लिहितो. लग्नाच्या वरातीत हल्ली डीजेच्या भिंती येतात. जवळ उभं राहिलं तर छाती हादरते, गोठ्यातली जनावरं दावं तोडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी हद्द घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते. आमच्या कर्ण्यालाही हा नियम लागू आहे आणि असलाच पाहिजे. आमचा कर्णा साधू होता असं मला म्हणायचं नाही. पहाटेच्या सनईनं कुण्या तापकऱ्याची झोप मोडली नसेल असं थोडंच आहे? पण तेव्हा त्यातून निघणाऱ्या आवाजाला बहुतेक वेळा कुणाला तरी काही सांगायचं असायचं. पोरगं हरवलंय, जेवायला या, पाऊस येतोय, कणसं झाका. वस्तू पहिल्यासारखी करायची म्हणजे तिचा पत्रा आणि पडदा तेवढा पहिल्यासारखा करून भागत नाही. तिचं ते सांगणंही पहिल्यासारखं राहिलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याच्या झोपेचा मानही.

दादांचा कर्णा आता आमच्या गोठ्याच्या मेढीला टांगलेला आहे. आवाज दादांचा नाही, नव्या पडद्याचा आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जळालं होतं ते बदललं. पोचा तसाच ठेवला. बिबट्या दिसला की मुलगा त्यावरून शेजारच्या मळ्यांना सावध करतो, म्हणजे नव्याचा पक्ष घेणाऱ्यालाच तो उपयोगी पडला. पुढं तो त्याचं काय करील ते त्याचं त्यानं ठरवावं. पडदा बदलावा, युनिट बदलावं, नाहीतर हॉटेलवाल्याला देऊन टाकावा. मी त्याला एवढंच सांगून ठेवलं आहे, की कोणी विचारलं तुमची कर्ण्याची जोडी कुठं गेली, तर सांगायचं, आमचा एकच होता.